मसुराच्या सुपातलं गाजर

९ जानेवारी

पोरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर मला हल्ली निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते. तेव्हा पत्रच बरं.

दादाबद्दल लिहितेय. तुझ्या बापाबद्दल. मी लिहितेय हे त्याला ठाऊक नाही आणि कळता कामा नये. तुम्ही बापलेक चार वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोललेला नाहीत. मी मध्ये पडणार नव्हते. पण आता पडल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्याला तिन्हीसांजेला दिसत नाही. दिवसा ठणठणीत; उजेड उतरला की झालं. मागच्या आठवड्यात दुकानात दिवा लावायच्या आधी एका बाईनं कांदे मागितले, यानं तोलून बीट दिले. तिला वाटलं थट्टा करताहेत. हसली बिचारी, त्यानंही हसून साजरं केलं. पण मी आतून सगळं बघत होते. त्यानं बीट परत टोपलीत ठेवताना एकेक हातानं चाचपून ठेवलं गं.

ओढून-ताणून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. म्हणाल्या, अ जीवनसत्त्व कमी आहे, गोळ्या घ्या, भाज्या खा. हे ऐकून दादा असा काही ताठ झाला की काय सांगू. "अडतीस वर्षं भाजीचं दुकान आहे माझं. मला भाजी खा म्हणतात!" गोळ्या त्यानं कोथिंबिरीच्या कुंडीत पुरल्या. कोथिंबिरीला अंधारात दिसायला लागलं असेल तर माहीत नाही, त्याला नाही.

आणि खातो हे खरंच आहे. रोज तीन गाजरं, कच्ची. शिजवली की मेली, हे त्याचं जुनं पालुपद. तेल-लोणी वहिनी गेल्यापासून बंद. कवळी बसवली आहे, ती फक्त गिऱ्हाइकांसाठी. जेवताना कपात काढून ठेवतो. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे ते हत्तीचे. याला खायचे नाहीतच. हिरड्यांनी गाजर चघळतो आणि तुकडेच्या तुकडे गिळतो. कसं कळलं ते विचारू नकोस, संडास मी धुते. जशी आत गेली तशी बाहेर आलेली असतात. नारिंगी, टवटवीत.

तू त्या भाज्यांच्या कारखान्यात हेच शिकलीस ना? मग सांग काय करू. वसतिगृहात बत्तीस वर्षं दोनशे मुलींना रांधून घातलं, पण एका म्हाताऱ्यापुढे हात टेकले.

दुकानाची पाटी अजून रंगवायला दिलेलीच आहे. "कालची भाजी इथे मिळत नाही." तिच्याशिवाय दुकान कसं बोडकं दिसतं.

तुझी आत्या

१७ जानेवारी

आत्या,

नमस्कार-चमत्कार राहू दे. पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला.

जशी आत तशी बाहेर, हेच दुखणं आहे. गाजरातलं जे सत्त्व डोळ्यांना लागतं ते बारीक बारीक कुलूपबंद डब्यांत असतं. दातांनी दळलं तर थोडे डबे फुटतात. शिजवून वाटलं की पुष्कळ फुटतात. आणि फुटून बाहेर आलेलं रक्तात जायला थोडं लोणी किंवा तेल लागतंच, नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही. आमच्याकडे एक काचेचं पोट आहे, हसू नकोस, खरंच आहे. आत आम्ल, पाचक रस, अंगाइतकी ऊब, ढवळायला यंत्र. त्यात कच्च्या गाजराचे मोठे तुकडे घातले तर शंभरातले जेमतेम तीन-चार भाग सुटतात. शिजवून, वाटून, चमचाभर तेलाबरोबर घातलं तर तीस-चाळीस. म्हणजे बाबा ढीगभर गाजरं खाऊन उपाशी आहेत.

पण सगळंच शिजवू नकोस हं. टोमॅटो, ढोबळी मिरची, लिंबू कच्चं खातात ते खाऊ देत. त्यातलं क जीवनसत्त्व आचेनं जातं, उकळलेल्या पाण्याबरोबर मोरीतही जातं. उकडलीस भाजी तर पाणी फेकू नकोस. इथे बाबा अर्धे बरोबर आहेत. तेवढं त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं, दुसरं अर्धंच तेवढं मोठ्यांदा सांगितलं.

सोबत सहा बरण्या पाठवतेय. शिजवून घोटलेला गाजराचा गोळा आहे, आटवलेला, चमच्यात जवळजवळ एक गाजर. दात नसलेल्या माणसांसाठी मीच तयार केलेला आहे तो. मनात कोण होतं ते आता तुझ्यापासून काय लपवू? रोज एक चमचा, थोडं लोणी घालून. सहा बरण्या तीन महिने सहज पुरतील. चिठ्ठ्या खरवडून काढ, आणि माझं नाव घेऊ नकोस. घेतलंस तर तो चमचाही कुंडीत जाईल.

बाबा माझ्याविषयी काही बोलतात का? लहानपणी मला 'वाटाण्या' म्हणायचे. दुकानातल्या शेंगा सोलून निम्म्या मीच फस्त करायचे म्हणून. आता काय म्हणतात?

तुझी भाची

१६ फेब्रुवारी

पोरी,

आता "तुझी भाची" म्हणतो. "तुझ्या भाचीच्या कारखान्याची गाडी गेली आज रस्त्यावरून," असं. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार होते, पण या वयात खोटं लक्षात राहत नाही.

आता आनंदाची बातमी ऐक. बरण्या पोहोचल्या. घालायचं कशात, हा मोठाच पेच होता. दोन दिवस ओट्यापाशी नुसती उभी. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. मसूर! डाळ म्हणजे धान्य, भाजी नव्हे; तिला शिजवायला दादाची हरकत नाही. आणि मसुराच्या सुपाचा रंग नेमका तोच. लोणी तळाशी घातलं, वरून दिसू नये म्हणून. बरण्या माझ्या कपड्यांच्या पेटीत, शालीखाली.

पहिल्या दिवशी त्यानं घोट घेतला आणि थांबला. वाटी डोळ्यांसमोर धरून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. म्हटलं संपलं आता. तर म्हणतो, "मसूर कुठून आणलास?" मी म्हटलं, नेहमीचाच. "हं," म्हणाला, आणि वाटी पुढे केली. आणखी वाढ म्हणून!

तेव्हापासून रोज दोन वाट्या. आणि काल काय झालं माहितीये? दिवेलागणीला मी ओसरीत बटण शोधत होते, गुडघे टेकून. हा खुर्चीतून म्हणतो, "तुझ्या उजव्या पायाशी आहे." मी तिथेच बसून रडले. तो म्हणाला, "बटणासाठी रडतेस?"

एक विचारायचं होतं. बरण्या संपत आल्यात. पाच संपल्या. माझा हात मोठा, दोनशे माणसांचा. चमचा म्हणता म्हणता पळी पडत असेल. अजून पाठवशील का?

तुझी आत्या

२७ फेब्रुवारी

आत्या,

बटणाचं वाचून मी कारखान्याच्या कपड्यांत, डोक्याला जाळी लावून, शीतखोलीच्या दारात उभी राहून रडले. आपलं घराणंच रडकं.

आठ बरण्या पाठवतेय. पण महिन्याभरात पाच? तुझा हात कितीही मोठा असला तरी हिशेब जुळत नाही. आता आठवड्यातून तीनदाच दे, आणि चमच्यानं दे, पळीनं नको. अति झालं की तेही बरं नाही.

आणखी एक. तुला वाटतं बाबांनी मला हाकललं. मीही तसं वाटू दिलं. खरी गोष्ट तू देवदर्शनाला गेली होतीस त्या दिवशी घडली, म्हणून तुला ठाऊक नाही. पहिल्या महिन्याच्या कामानंतर मी कारखान्यातून गोठवलेल्या वाटाण्यांचं पाकीट आणलं होतं. मोठ्या हौसेनं. बाबा म्हणाले, "बर्फातली भाजी म्हणजे मेलेली भाजी." दुकानात गिऱ्हाइकं होती. मी म्हणाले, "तुमच्या या शेंगा परवाच्या आहेत, बाबा. वाटाण्यातली गोडी तोडल्यापासून तासातासाला उतरते. आमचे चार तासांत गोठतात. तुमच्या पाटीपेक्षा आमचा बर्फ खरा." एका बाईनं हातातल्या शेंगा परत टोपलीत टाकल्या आणि ती निघून गेली. बाबांनी पाकीट उचललं आणि दाराबाहेर पायरीवर नेऊन ठेवलं. मी समजले, पाकिटाबरोबर मीही. आणि निघाले.

मी म्हणाले ते शास्त्र खरं होतं, आत्या. पण इतकी वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला सात गिऱ्हाइकांसमोर ते ऐकवायची काही गरज नव्हती. चार वर्षं रोज वाटतं, माफी मागावी. मग वाटतं, त्यांनी आधी पाकीट बाहेर ठेवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; आमच्याकडे दोघांचाही.

तुझी भाची

२४ मार्च

पोरी,

घाईत लिहितेय. दादा पिवळा झालाय.

आधी मला वाटलं उन्हाचा भास. मग आंघोळीनंतर तळपाय बघितले. हळदीत बुडवल्यासारखे. तळहात तसेच, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा. आमचे वडील असेच गेले. असाच पिवळा रंग चढला आणि एकविसाव्या दिवशी संपलं. दादा तेव्हा बारा वर्षांचा होता, त्यांच्या उशाशी बसायचा. आता स्वतःचे हात उलटसुलट करून बघतो. डॉक्टरीणबाईंकडे यायला तयार नाही. "काय आहे ते मला ठाऊक आहे," एवढंच.

काल दुपारी दुकान बंद केलं. अडतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. हिशेबाच्या वहीचे कागद फाडून तीन तास लिहीत बसला. मग कवळी लावली, स्वच्छ सदरा घातला आणि स्वतः टपालपेटीपर्यंत चालत गेला. पाकिटावर तुझं नाव होतं. पत्ता मला विचारला नाही गं, त्याला पाठ होता.

माझ्याच हातानं काही झालं का? तीनदाच दे म्हणालीस, पण तो रोज मागायचा, आणि मला नाही म्हणवेना. ये. जमेल तशी ये.

आत्या

२३ मार्च

वाटाण्या,

पत्र लिहायची सवय नाही. आयुष्यभर पाट्या लिहिल्या. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझं आता फार दिवसांचं काम नाही. आमच्या वडिलांचं जे झालं तेच. तक्रार नाही. पण दोन-चार गोष्टी माझ्याबरोबर जाऊ नयेत.

त्या शेंगा परवाच्याच होत्या. दोन दिवस गुडघा धरला होता, पहाटेच्या बाजाराला गेलो नव्हतो. पाणी मारून मांडल्या होत्या. तू खोटं बोलली असतीस तर मी हसून सोडून दिलं असतं. खरं बोललीस म्हणून झोंबलं. पाटी दुसऱ्याच दिवशी उतरवली. रंगवायला दिली म्हणून तुझ्या आत्याला सांगितलं. चार वर्षं कुठे पाटी रंगत असते? पलंगाखाली आहे.

पाकीट मी बाहेर ठेवलं, तुला नव्हतं ठेवलं. तू अशी तडक निघून जाशील असं वाटलं नाही. संध्याकाळी मी ते उचललं. सगळे वाटाणे वितळले होते. पायरीवर बसून तसेच खाल्ले, सगळे. गोड होते. माझ्यापेक्षा गोड होते. हे तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं.

आता आत्याला सांगू नकोस. बिचारी फार खूश आहे. मसुराच्या सुपात गाजर आहे हे मला पहिल्याच घोटाला कळलं. अडतीस वर्षं गाजर विकलं, जिभेला कळणार नाही होय? आणि असं घोटलेलं गाजर तुझ्या आत्याला जन्मात जमणार नाही, तिच्या हातचं सगळं भरड. म्हटलं, हे पोरीचं आहे. म्हणून दुसरी वाटी मागितली. मग ती दुपारी पडली की पेटी उघडून चमचा-चमचा खायचो. बरण्या शालीखाली ठेवल्यात. एकदा अर्धी बरणी संपवली. चार वर्षांनी तुझ्या हातचं काहीतरी घरात आलं होतं, मला राहवेना.

मला संध्याकाळी दिसायला लागलं. तुझ्यामुळे. हे सांगितल्याशिवाय गेलो असतो तर फार वाईट झालं असतं.

सुखी राहा. डोक्याला जाळी लावून काम करतेस का? केस फार दाट तुझे.

बाबा

२८ मार्च

बाबा,

तुमचं आणि आत्याचं, दोन्ही पत्रं एकाच टपालात आली. आत्याचं आधी फोडलं, मग तुमचं. तुमचं दुसऱ्यांदा वाचताना 'अर्धी बरणी' या शब्दांपाशी आले आणि एकदम उभी राहिले.

मग तुमच्या शेजारच्या शिंपीणबाईंना फोन केला. त्या आरसा आणि विजेरी घेऊन तुमच्याकडे आल्या तेव्हा तुम्ही त्यांना काय काय बोललात ते त्यांनी सांगितलं. त्यांची माफी मागा. डोळ्यांचा पांढरा भाग कसा आहे, एवढंच मी विचारलं होतं. "धुतलेल्या चादरीसारखा," म्हणाल्या. लघवीही नेहमीसारखीच, असं आत्यानं त्यांना सांगितलं. काविळीत आधी डोळे पिवळे होतात, बाबा. तुमचे झालेले नाहीत. तुमचे तळहात पिवळे आहेत, कारण तुम्ही सव्वादोन महिन्यांत चौदा बरण्या गाजर खाल्लंत. शिजवलेलं, वाटलेलं, लोण्यातलं. त्यातलं नारिंगी सगळं अंगात शिरलं आणि जागा उरली नाही म्हणून कातडीत जाऊन बसलं. गाजर थांबवलं की महिन्या-दोन महिन्यांत रंग उतरतो. तरी डॉक्टरीणबाईंकडे जायचंच. माझ्या अंदाजावर राहायचं नाही. आत्याबरोबर, उद्याच्या उद्या.

तुम्ही कुठेही जात नाही आहात. आता तुम्हाला वाटेल, ते पत्र परत मागावं. देणार नाही. मरणार समजून लिहिलंत म्हणून काय झालं, अक्षर तुमचंच आहे.

माझंही ऐका. गिऱ्हाइकांसमोर बोलायला नको होतं. शेंगा परवाच्या असोत नाहीतर तेरवाच्या, तुम्ही बाप होतात. घरात येऊन, दार लावून, हळू सांगता आलं असतं. चुकलं माझं. चार वर्षं हे वाक्य जिभेवर घेऊन फिरतेय.

आमच्या काचेच्या पोटात मी हजारदा गाजर घातलं असेल. त्यानं कधी दुसरी वाटी मागितली नाही.

हो, जाळी लावते.

तुमची वाटाणा

२ एप्रिल

पोरी,

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, यकृत तपासलं. सगळं ठीक. अ जीवनसत्त्व आता भरपूर. त्यांनी त्याचे तळहात उजेडात धरले आणि इतक्या हसल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं डोकावायला लागली. दोन महिने गाजर बंद, लाल भोपळाही बंद. दादा घरी आला, कवळी लावली आणि मुकाट्यानं जेवायला बसला. लावून, बरं का!

आणि मांजर कसं, डोळे मिटून दूध पितं आणि समजतं कुणी बघत नाही. मी शाल रोज वेगळी घडी करून ठेवत होते, रोज विस्कटलेली सापडायची. मला वाटलं उंदीर. तीन सापळे लावले पोरी, आठ वर्षांनी सापळे काढले! बोट अडकलं नाही हे नशीब. आता सगळं कळल्यावर मी त्याला वाट्टेल तसं बोलले, आणि मग दोघंही हसत सुटलो. तो पिवळा माणूस हसताना कसा दिसतो ते तू बघायला हवं होतंस.

पाटी पलंगाखालून निघाली. त्यानं ती पुसली, उन्हात धरली आणि काळ्या रंगानं खाली एक ओळ वाढवली, "मिळाली तर तसं सांगू." परत टांगली. गिऱ्हाइकं वाचतात आणि हसतात. आणि विकत घेतात.

तू शनिवारी येणार कळल्यापासून त्यानं चारदा न्हाव्याची चौकशी केली. आता कागद मागतोय, जागा सोडतेय.

आत्या

वाटाण्या,

मी ते पत्र परत मागणार नव्हतो. आत्यानं सांगितलं असेल तर खोटं आहे.

तिन्हीसांजेची गाडी असेल तर तीच धर. मी थांब्यावर येईन, मला दिसतं आता.

गाजर बंद आहे. तुमचे बर्फातले वाटाणे आण. आणि या वेळी पायरीवर थांबू नकोस, वितळतात. तडक आत घेऊन ये.

बाबा